लकवा की लकव्यासारखं दुसरंच काही? (कॅज्युअल्टीतून)

मार्कंडेय_काठ

लकव्याच्या गावठी औषधाच्या धाग्यावर एकानं ठासून लिहिलं होतं, "आमच्याकडच्या पाल्यानं लकवा दोन तासांत उतरतो." उतरत असेलही. दोन तासांत आपोआप उतरणाऱ्या कमजोरीची चार कारणं मला पाठ आहेत आणि त्यांतल्या एकातही पाल्याचा हात नाही. तिथं वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा धागा बरा म्हणून हा प्रपंच.

मी बेळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत काम करतो. आमच्याकडे सीटी स्कॅनचं यंत्र नाही. लुळ्या हाताचा, वाकड्या तोंडाचा माणूस आला की मला ठरवायचं असतं ते एवढंच: मेंदूचा झटका धरून लगेच पुढं पाठवायचा, की पाठवायच्या आधी इथंच काही करण्यासारखं आहे. (खाली सांगितलेल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आधी घड्याळाचं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीच्या वाहिनीतून नळी वर नेऊन गुठळी ओढून काढतात. त्याची मुदत साधारण सहा तास, आणि मेंदूचा वाचण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण गुठळी नसून वाहिनी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सीटीशिवाय कुणी हात लावत नाही. आणि या दोघांच्या रांगेत तिसरेच लोक येऊन उभे राहतात. त्यांना झटका आलेलाच नसतो, खरं तोंड वाकडं, हात पडलेला, जीभ जड, सगळं तसंच. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण झटका म्हणून आणलेल्या चारपाच जणांत एखादा असा निघतो हे धरून चालायला हरकत नाही.

त्यांच्यात पहिला मान रक्तातल्या घसरलेल्या साखरेचा. श्रावणी सोमवार, साठीच्या पुढचे गृहस्थ, कडक उपवास. पोटात नुसता चहा, पण सकाळची ग्लिमेपिराइडची (साखर उतरवणारी) गोळी नेमानं घेतलेली. संध्याकाळी देवळातून येताना उजवा पाय ओढायला लागले, घर येईपर्यंत उजवा हात पडला आणि बोलणं बंद. जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. बनियन पिळून काढावा इतका घाम. बोटाला सुई टोचली, मशीनवर ३१. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) १०० मिलीची बाटली शिरेतून सोडली. ती संपायच्या आत नजर फिरायला लागली, मग उजव्या हाताची बोटं हलली, आणि पहिलं वाक्य काय, तर "माझं चप्पल कुठं ठेवलंय?" घरचे रडतायत की हसतायत कळेना.

पुढचं जास्त महत्त्वाचं. घरचे लगेच गाडी काढायला निघाले तेव्हा मला आवाज चढवावा लागला. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांचा अंमल लांब चालतो, मूत्रपिंड अधू असेल तर आणखी लांब. बाटलीनं चढलेली साखर थोड्या वेळात पुन्हा घसरते, आणि रात्री झोपेत घसरली तर कुणाला कळतही नाही. असा माणूस २४ तास तरी नजरेखाली ठेवावा लागतो.

गुठळीचं इंजेक्शन देण्याआधी ज्याच्यासाठी थांबायलाच हवं अशी रक्ताची तपासणी एकच, ती साखरेची. बाकीचे रिपोर्ट मागून आले तरी चालतात (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गोष्ट वेगळी). बोटातला एक थेंब, मिनिटभराचं काम, आणि तेवढ्यासाठी बेळगावपर्यंत जायची गरज नाही.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे नुसता चेहरा वाकडा होणं, बेल्स पाल्सी. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळतं, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, आदल्या दिवशी कानामागं दुखत होतं. इथं चेहऱ्याची नसच सुजलेली असते, मेंदू ठीक असतो. आम्ही भुवया वर करायला सांगतो. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुतेक वेळा शाबूत राहतं, दोन्हीकडं आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात. बेल्स पाल्सीत अर्धं कपाळही सपाट पडतं. मात्र हे वाचून कुणी घरच्या घरी आठ्या मोजत बसू नका. मेंदूच्या देठात झटका आला तर कपाळासकट अर्धा चेहरा जाऊ शकतो, फक्त त्यासोबत सहसा दुहेरी दिसणं, तोल जाणं, हातापायात फरक असं काहीतरी असतं. आणि बेल्स पाल्सीही "होईल आपोआप" म्हणून सोडायची नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तरच पुरता फायदा, आणि न मिटणारा डोळा जपला नाही तर बुबुळाला जखम होते.

तिसरी फीट. फीट थांबल्यावर ज्या बाजूला आचके आले ती बाजू काही तास लुळी राहते, क्वचित दीड दिवस. घरचे पोचतात तेव्हा फीट संपलेली असते, दिसतो तो फक्त लुळा हात. म्हणून मी आल्या आल्या विचारतो: पहिल्यांदा कुणी बघितलं? हात झटकत होता की गळून पडला? जिभेची कड चावली आहे का, कपडे ओले झाले का? आपल्याकडं मेंदूतल्या कृमीच्या गाठी आणि टीबीच्या गाठी यांमुळं फीट येणारे तरुण बरेच असतात. तिशीतला माणूस, अचानक लुळा हात, असं दिसलं की मला हे आधी आठवतं. खरं इथंही पाय अडकतो, कारण खऱ्या झटक्याची सुरुवातही कधीकधी फीटनं होते.

विचारा काय विचारायचं ते. ड्युटी नसेल तेव्हा उत्तरं देतो.

---

बेळगावी_कुंदा

वाचनखूण साठवली. डॉक्टर, एक शंका. आमच्या गल्लीत एका काकांना असंच साखर कमी होऊन झालेलं, तोंडात साखर घातली आणि उठून बसले. तेव्हापासून कोण पडलं की गल्ली साखरेचा डबा घेऊन पळते. मागल्या महिन्यात एका म्हातारीच्या तोंडात सरबत ओतलं, तिला ठसका लागून जीव घाबरा झाला. मग करायचं काय?

मार्कंडेय_काठ

ओतायचं नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर, बोलणं स्पष्ट, बसून स्वतःच्या हातानं पेला धरतोय आणि मशीनवर साखर ७० च्या खाली, तर साखरेचं पाणी द्या. जीभ जड झाली असेल, तोंडाच्या कडेनं लाळ गळत असेल, तर गिळण्याचाही भरवसा नाही. ते सरबत फुप्फुसात जातं, आणि झटक्यानं वाचलेला माणूस मग न्यूमोनियानं जातो. पाणी नाही, चहा नाही, गोळीही नाही. कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची. डब्याऐवजी गल्लीत एक ग्लुकोमीटर ठेवा.

---

निपाणीचा_केमिस्ट

वीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून दोन शब्द. "वारं गेलंय, बीपीची जिभेखालची कॅप्सूल द्या" म्हणून अजूनही लोक येतात. मी देत नाही, शिव्या खातो. तसंच ॲस्पिरिन.

खरं मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या भागातली माणसं बीपीला निपाणीत दाखवतात, शुगरला कोल्हापूरला जातात, मध्येच लेकीकडं गेली की संकेश्वरला तिसरा डॉक्टर. कोल्हापूरच्या चिठ्ठीत एका कंपनीची गोळी, इथल्या चिठ्ठीत दुसऱ्या कंपनीची. नाव वेगळं, रंग वेगळा, आत दोन्हीत ग्लिमेपिराइड. आज्जी दोन्ही डॉक्टरांचा मान राखते आणि दोन्ही गोळ्या घेते. मग साखर ३१ होणार नाही तर काय? दवाखान्यात जाताना चिठ्ठ्या शोधत बसू नका. गोळ्यांचा डबाच उचला, पत्र्यासकट.

मार्कंडेय_काठ

@निपाणीचा_केमिस्ट, शंभर टक्के. जिभेखालच्या त्या कॅप्सूलनं बीपी धाडकन पडतं. गुठळी अडकलेली असताना मेंदूचा जो काठावरचा भाग त्या चढलेल्या बीपीच्या जोरावर तग धरून असतो, तो त्यानं मरतो. झटक्यात बीपी चढलेलं दिसणारच, घरी उतरवायला जाऊ नका. ॲस्पिरिन सीटीनंतर, कारण रक्तस्राव असेल तर ती उलटते.

आणि त्या डब्यात रक्त पातळ करणारी गोळी आहे का हे मला सगळ्यात आधी बघायचं असतं. ती चालू असेल तर गुठळीच्या इंजेक्शनचं गणितच बदलतं. शिवाय असा म्हातारा महिनाभरापूर्वी न्हाणीत घसरला असेल, तेव्हा "काही लागलं नाही" म्हणून सोडून दिलं असेल, तर कवटीच्या आत सावकाश रक्त साठून आज अंग पडू शकतं. त्याचा उपाय गोळ्या-इंजेक्शन नाही, ऑपरेशन.

---

अथणीकर_उसवाला

आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळीतल्या एका पोराचं सांगतो. पहाटे उठला तो पोट दुखतंय म्हणत. मुकादम म्हणाला पित्त झालं असेल. तासाभरात डोळ्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं नाकातून, पाणी पिताना नाकातून परत. टोळीतल्या बायका म्हणाल्या, वारं गेलं. कुणीतरी मालिशवाल्याकडं न्यायची तयारी केली. एक म्हातारा शहाणा निघाला, त्यानं खोपीतली चटई उलटली. खाली मण्यार. अंगावर चावल्याची खूण बघायला गेलं तर काही नाही, सूज नाही, रक्त नाही. तसाच मिरजेला पळवला, व्हेंटिलेटरवर राहिला काही दिवस. आता परत कोयता धरतोय.

मार्कंडेय_काठ

हे लिहिलंत ते फार बरं झालं. शहरातल्या पुस्तकी यादीत हे खाली असतं, आपल्या जिल्ह्यात वर हवं. मण्यार रात्री चावते, झोपलेल्याला चावते, चावल्याचं बहुधा कळतही नाही. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. विष नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं.

वेगळेपण कसं ओळखायचं? झटका सहसा एका बाजूला घाव घालतो. मण्यारीत दोन्ही पापण्या पडतात, मग गिळणं, मग मान, मग श्वास, वरून खाली उतरत जातं. माणूस शुद्धीवर असतो, फक्त डोळे उघडता येत नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटतं बेशुद्ध झाला. विष पूर्ण चढलं की बाहुल्याही हलत नाहीत, आणि अशा रुग्णाला मेंदू मेला समजून सोडून देण्याचा धोका असतो. तो आतून सगळं ऐकत असतो, आणि श्वास यंत्रानं चालू ठेवला तर उठून बसतो.

म्हणून जमिनीवर झोपून उठलेला माणूस, पोटदुखी, दोन्ही पापण्या जड, एवढं जुळलं की साप धरूनच चाला. खूण नाही म्हणून प्रतिविष अडत नाही, लक्षणांवर देतात. सुगीत खळ्यावर, पेंढ्यावर झोपणाऱ्या खानापूरकडच्या मंडळींनीही ध्यानात ठेवावं.

---

शंकासुर

सगळं ठीक आहे. पण तुमच्याच हिशोबानं चारपाचांत एकाला झटका नसतोच. म्हणजे मोठ्या दवाखान्यात झटका नसलेल्यालाही ते महागडं इंजेक्शन ठोकून बिल लावत असणार. आधी एमआरआय करून खात्री का करत नाहीत? घाई कुणाच्या फायद्याची?

मार्कंडेय_काठ

प्रश्न खोचक आहे पण रास्त आहे. होय, झटका नसलेल्या काहींना इंजेक्शन जातं. हे जगात सगळीकडं होतं आणि डॉक्टरांना ते माहीत असतं.

अडचण अशी की गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा स्वच्छ येतो. सीटी सांगतो ते "रक्तस्राव नाही" एवढंच. गुठळीचे ठसे एमआरआयमध्ये लवकर दिसतात, पण ते यंत्र मोकळं मिळणं, अर्धवट शुद्धीतला माणूस त्यात न हलता पडून राहणं, यात वेळ जातो. खऱ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. आता दुसरी बाजू. १९९५ साली अमेरिकेतल्या ज्या चाचणीनं हे इंजेक्शन रूढ झालं, तिच्यात औषध दिलेल्या दर शंभरांत सहाजणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, तरीही एकूण हिशोब फायद्याचाच निघाला. ज्यांना मुळात झटका नव्हता अशांना चुकून इंजेक्शन गेलं तर हा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळलाय, कारण त्यांचा मेंदू जखमी नसतो. म्हणून साखर बघितली, सीटीत रक्त नाही, लक्षणं जुळतात, एवढं झालं की शंकेचा फायदा इंजेक्शनला देतात.

एका बाबतीत मात्र घाई नडते. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखून मग हात-पाय गेला, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक आला, तर हृदयातून निघणारी मुख्य धमनीच चिरलेली असू शकते. तिथं हे इंजेक्शन घातक. म्हणून "आधी कुठं दुखत होतं का?" याचं उत्तर घरच्यांनी नीट द्यावं, नुसतं "काही नाही हो, अचानकच" नको.

बिलाबद्दल मी बोलणार नाही, मी सरकारी पगारावर आहे :)

शंकासुर

पटलं. बिलाचा मुद्दा राखून ठेवतो.

---

सौ_शहापूर

माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंना नेलं तेव्हा तिथली डॉक्टर मुलगी बिदरकडची, अगदी गुणी, पण मराठीचा गंध नाही. "अज्जी, कै एत्ति" म्हणाली, सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. परत "निम्म हेसरु येनु?" (तुमचं नाव काय?) सासूबाई गप्पच. मी म्हटलं अहो त्यांना कन्नड येत नाही, आयुष्य शहापुरात गेलं तरी भाजीवाल्याशी बोलण्यापुरतंच. मी मराठीत सांगितलं, "आई, हात वर करा", तर दोन्ही केले. फक्त डावा थोडा खाली आला. याचा फरक पडतो का?

मार्कंडेय_काठ

फरक पडतो, आणि तुम्ही मध्ये बोललात ते फार बरं केलंत. झटका मोजायचा जो तक्ता असतो त्यात सांगितलेलं समजतं का, वस्तूंची नावं घेता येतात का, याला गुण आहेत. रुग्णानं न कळणाऱ्या भाषेतला हुकूम पाळला नाही तर कागदावर "वाचा गेली" होतं, झटका आहे त्याहून मोठा आणि मेंदूच्या डाव्या भागातला वाटायला लागतो. उलटही होतं. रुग्ण धडाधड बोलतोय, डॉक्टरला मराठी येत नाही, तिला वाटतं बोलणं ठीक. घरचं माणूस ऐकलं तर कळतं की शब्द सगळे आहेत, अर्थ कशालाच नाही, घड्याळाला "वाटी" म्हणतायत.

दोन्ही भाषा येणाऱ्याला दोन्हींत विचारावं. मेंदूला इजा झाल्यावर दोन भाषा सारख्याच बिघडतात असं नाही, एक जास्त जाते, एक मागं राहते. माझ्याकडं हुक्केरीकडचे एक गृहस्थ आले होते, घरात मराठी, धंदा सगळा कन्नडात. मराठीत दोन शब्द धड जुळेनात, आणि कन्नडात ऊसाचा भाव सांगितला. आमचा इंटर्न खूश, म्हणाला सर, बोलणं नॉर्मल. मुलगा बाजूला उभा राहून रडत होता.

त्यामुळं सोबत जाणाऱ्यांत रुग्णाची घरची बोली जाणणारा एक जण आत, खाटेजवळ हवा. बाकीचे बाहेर थांबले तरी चालतील. (दहाजण आत घुसू नका, ही विनंती वेगळी.)

---

फिजिओ_टिळकवाडी

छान चर्चा. आमच्याकडं नंतर येणाऱ्यांवरून दोन गोष्टी.

जुना झटका येऊन सावरलेले रुग्ण, तीनचार वर्षांनी अचानक तीच बाजू पुन्हा जड. घरचे हादरतात, दुसरा झटका. तपासलं तर लघवीला जंतुसंसर्ग नाहीतर ताप, नाहीतर रक्तातलं सोडियम खाली. जुनी जखम मेंदू एरवी सांभाळून नेतो, अंगात ताप शिरला की ते सांभाळणं सुटतं. ताप उतरला की हात परत पूर्वीइतका. पण हे सीटी-एमआरआय झाल्यावरच म्हणायचं.

दुसरं, ज्यांच्या तपासण्या सगळ्या स्वच्छ येतात आणि पाय तरी उचलत नाही. बहुतेक तरुण मुली, नवीन सुना. वॉर्डातच कुजबुज सुरू होते, नाटक करते म्हणून. नाटक नसतं ते. मेंदूचा घाट शाबूत, पण हुकूम पायापर्यंत पोचत नाही. निजवून चांगला पाय जोर लावून उचलायला सांगितला की "लुळा" पाय आपोआप खाली दाबला जातो, माझ्या तळहाताला तो जोर लागतो. म्हणजे ताकद आहे, फक्त मुद्दाम वापरायला गेलं की सापडत नाही. हे मी रुग्णालाच दाखवते: बघ, पाय जिवंत आहे. तिथून व्यायाम सुरू होतो. "तुला काही झालेलं नाही" म्हणून घरी पाठवलेल्या मुली सहा महिन्यांनी जास्त वाईट अवस्थेत येतात.

मार्कंडेय_काठ

+१. दुसऱ्या परिच्छेदाला विशेष.

---

कणकुंबी_एक्सप्रेस

तुम्ही सगळे झटका नसताना झटका वाटण्याबद्दल बोलताय. आमच्या घरी उलटं झालं. चुलत्याला सकाळी गरगरायला लागलं, उलट्या. हात-पाय चालत होते, तोंड सरळ. जवळच्या एका दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन, मग दुसरीकडं मानेचा मणका म्हणून पट्टा. उभं राहायला गेले की दारूड्यासारखे एका बाजूला जायचे. दुसऱ्या दिवशी पावसात जांबोटीच्या रस्त्यानं बेळगावला नेलं, तिथं कळलं लहान मेंदूचा झटका. मुदत केव्हाच गेलेली. आमच्याकडं फोनला रेंज यायची म्हणजे टेकडीवर जायचं, १०८ ला सांगायचं तरी कसं? असो. हे ओळखता येतं का?

मार्कंडेय_काठ

वाईट वाटलं वाचून. हा प्रकार शहरातल्या मोठ्या दवाखान्यांतूनही निसटतो, कारण तोंड-हात-बोलणं या तीन गोष्टींवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि मेंदूचा मागचा भाग त्या तिन्हीला हात न लावता जाऊ शकतो.

कानाच्या आतल्या बिघाडानं येणारी चक्कर भयंकर असते, पण भिंतीला धरून माणूस चार पावलं चालतो. मेंदूच्या मागच्या भागाचा झटका असेल तर पुष्कळदा आधाराशिवाय बसताही येत नाही, एकीकडं कलंडतो. त्यासोबत दुहेरी दिसणं, उचकी न थांबणं, आवाज घोगरा होणं, गिळताना ठसका, मानेमागं नवीन दुखणं, यांतलं काही असेल तर पित्त म्हणायचं नाही. डोकं ठरावीक बाजूला वळवलं की अर्धा मिनिट गरगरतं आणि शांत पडून राहिलं की थांबतं, ते बहुधा कानाचं. बीपी-शुगर असलेल्या पन्नाशीच्या माणसाची सलग, न थांबणारी पहिलीच चक्कर मी कानाची म्हणून घरी पाठवत नाही. आणि या जागेचा झटका सीटीत बऱ्याचदा दिसतही नाही, "सीटी नॉर्मल" ऐकून निर्धास्त होऊ नका.

---

पुण्यातला_चिक्कोडीकर

आई-बाबा गावी एकटे असतात म्हणून विचारतो. न्यायचं कुठं? कागवाड-अथणीवाले मिरजेला, निपाणीवाले कोल्हापूरला, आम्ही मधले लटकलेले. आणि उपचाराच्या खर्चाची योजना कुठली चालते? महाराष्ट्राची फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली म्हणतात, इथं आयुष्मान-आरोग्य कर्नाटक...

अथणीकर_उसवाला

कागद नंतर बघ बाबा, आधी माणूस ने. आम्हाला मिरज परवडतं, रस्ता सरळ.

संपादक

८६५ गावांचा (म्हणजे सीमावादाचा) विषय निघाला की धागा कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे. योजनांसाठी स्वतंत्र धागा काढा, इथं आजारावरच बोलू.

मार्कंडेय_काठ

राज्य बघू नका, सीटी बघा. कुठल्या दवाखान्यात रात्री दोन वाजताही सीटी चालू असतो आणि तो वाचणारा, इंजेक्शन देणारा माणूस असतो, हे आज, सगळे बरे असताना, फोन करून विचारून ठेवा. बेळगावात बिम्स किंवा केएलई, तिकडं मिरज, कोल्हापूर, जे वेळेनं जवळ ते. यंत्र नसलेल्या दोन दवाखान्यांत थांबे घेत गेलं की साडेचार तास संपतात. अपवाद फक्त साखर बघण्यापुरता. ती वाटेत कुठंही बघून घ्या.

तुमच्या आई-बाबांसाठी अजून एक. "किती वाजता झालं?" याचं उत्तर सगळे चुकवतात. सकाळी सहाला उठले तेव्हा हात पडलेला होता, म्हणून सहा सांगतात. मला हवी असते ती शेवटची वेळ जेव्हा ते नक्की धडधाकट होते. रात्री मालिका बघून दहाला झोपले तर घड्याळ दहापासून. पण पहाटे चारला परसाकडं जाऊन आले आणि आईशी नीट बोलले असतील तर घड्याळ चारपासून, आणि त्या सहा तासांच्या फरकावर इंजेक्शन मिळणं न मिळणं ठरतं. आईला विचारल्याशिवाय हे कुणालाच कळत नाही आणि गडबडीत आईला कुणी विचारत नाही.

---

बेळगावी_कुंदा

अर्धशिशीचं राहिलं. माझ्या बहिणीला डोळ्यापुढं नागमोडी उजेड येतो, मग हाताला मुंग्या, कधी बोलताना अडखळते. दर वेळी पळवायचं का?

मार्कंडेय_काठ

अर्धशिशीत लक्षणं सरकतात. मुंग्या बोटांपासून कोपरापर्यंत, मग ओठांपर्यंत, दहा-वीस मिनिटं घेत चढतात, उजेड दिसतो, मागून डोकं उठतं. झटक्यात सगळं एकदम येतं आणि सहसा काहीतरी जातं: ताकद, नजर, स्पर्श. तिचं ठरलेलं रूप डॉक्टरांनी एकदा तपासून सांगितलेलं असेल आणि या वेळीही अगदी तसंच असेल तर घरी थांबा. पहिल्यांदाच होतंय, वय चाळिशीपुढचं आहे, किंवा या वेळी हातात खरीच ताकद नाही, तर पळवा. आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत झालं तरी पळवाच, कारण येऊन गेलेला छोटा झटका तसाच असतो आणि मोठा पुष्कळदा त्याच्या मागोमाग दोन दिवसांत येतो. पाल्यानं "उतरलेले" लकवे बरेचसे यातलेच.

---

सौ_शहापूर

गल्लीसाठी ग्लुकोमीटर आणला. एक शंका, पावसाळ्यात आमच्या घरात मीठसुद्धा पाझरतं. पट्ट्या टिकतील का?

मार्कंडेय_काठ

मूळच्या डबीतच ठेवा, काढली की झाकण लगेच घट्ट लावा, आणि डबी उघडल्याची तारीख वर पेनानं लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. टोचण्याआधी बोट साबणानं धुऊन कोरडं करा, नाहीतर कुंदा खाल्लेल्या हातावर साखर ३०० दाखवेल आणि खाली असलेली कळायची नाही.